पान एक्केचाळीसची दुरुस्ती

५ फेब्रुवारी

मायना घालत नाही. तुझं नाव पाकिटावर लिहिलंच आहे, आणि आशीर्वाद तू वगळून पुढे वाचशील.

कामाचं लिहिते. बाबा शेवटी होते त्या सेवागृहातल्या मेट्रनबाईंनी काल सांगितलं की या महिनाअखेरीस तू 'चार वाजता' हा अल्बम साइटवरून काढून टाकणार आहेस. काढू नकोस.

तुझ्या बाबांनी फोनवरून तुला ऐकवलेली अकॉर्डियनची नऊ वादनं, तीही खरखरीसकट, कोणी पैसे देऊन घेईल असं मला वाटलं नव्हतं. त्यातून 'किंमत तुम्हीच ठरवा' म्हटल्यावर तर लोक फुकटच उचलणार, असं मी तुझ्या मावशीला म्हणाले होते. माझा अंदाज चुकला. त्या पैशांवर सेवागृहात वर्षभर दुपारची बाई येते आहे. ती काय करते हे तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. तिथल्या आठ खाटांपैकी ज्या खाटेजवळ भेटीच्या वेळी कोणी आलेलं नसतं, तिथे ती स्टूल घेऊन बसते. औषध देत नाही, चादर बदलत नाही. फक्त बसते. सध्या तीन नंबरवर एक निवृत्त ट्रकचालक आहेत. त्यांची मुलं परदेशात. ते तिला रोज तोच घाटातला प्रसंग सांगतात आणि ती रोज "मग पुढे काय झालं?" असं विचारते. अल्बम गेला की ती जाईल. मेट्रनबाईंकडे दुसरी सोय नाही.

आता लोकांच्या बोलण्याबद्दल. अल्बमखाली काय काय लिहिलं जातं ते मी वाचलं आहे. 'बापाला शेवटचं भेटायला गेली नाही आणि आता त्याचा श्वास विकते' हेही वाचलं. वाईट आहे. पण मी कथा लिहिली, तुझ्यावर आरोपपत्र लिहिलं नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासल्यावर माणसाला सात गोष्टी स्वतःच्या नावावर काढाव्याशा वाटल्या तर तो गुन्हा नव्हे. प्रकाशकांकडे खेटे घालायचं माझं वय नाही, म्हणून झेरॉक्सवालीच्या मदतीनं स्वतःच ई-पुस्तकाची फाइल केली आणि स्वतःच विकायला ठेवली. 'भेटीची वेळ' ही त्यातली एक. तिच्यातला बाप वाद्यं दुरुस्त करतो आणि मुलगी येत नाही. इतकं साम्य कुठल्याही दोन घरांत सापडेल.

शिवाय, तू आली नाहीस हे खरं आहे. मी कळवायच्या वेळी कळवलं होतं.

अल्बम चांगला आहे. तो राहू दे.

— आई


१० फेब्रुवारी

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती.

तुझी अडचण मी दूर केली आहे. रविवारी मावशी आली होती. आली ती पदराला डोळे पुसतच.

"तुझी गोष्ट पुन्हा वाचली बाई. दोन रुमाल भिजले."

"एकच भिजवायचास. पुस्तक लहान आहे."

"थट्टा करू नकोस. अगं, ती पोरगी आलीच नाही हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं गाडी चुकली असेल. मी सगळ्यांना पाठवली ती गोष्ट. आमच्या व्यायामाच्या ग्रुपलासुद्धा. म्हटलं, बघा, आमच्या ताईनं काय सोसलंय."

"कुणी सांगितलं तुला की ती आमची गोष्ट आहे?"

"सांगायला कशाला हवं? तू नाही कुठे म्हणालीस?"

हे तिचं बरोबर आहे. मी नाही म्हणाले नव्हते. नोव्हेंबरात तिनं पहिल्यांदा फोन करून "हे आपलंच ना गं?" असं विचारलं तेव्हा मी "वाचलीस ना, झालं तर मग" एवढंच म्हणाले होते. तिनं त्याचा अर्थ काय घेतला ते मला कळलं होतं.

म्हणून सोमवारी झेरॉक्सवालीकडे जाऊन बसले. पान एक्केचाळीस आणि बेचाळीस बदलून घेतली. आता गोष्टीतली मुलगी येते. पावणेचारला जिन्यावर तिची पावलं वाजतात, बाप डोळे उघडतो. झेरॉक्सवाली म्हणाली, "काकू, आता ज्यांनी आधी घेतलंय त्यांच्याकडेही आपोआप नवं जाईल. कुणाला कळणारसुद्धा नाही." मला ते सोयीचं वाटलं. आमच्या छापखान्यात एकदा चूक छापली गेली की गेली. पुस्तकाच्या सुरुवातीला शुद्धिपत्र चिकटवायचं: अमुक पान, अमुक ओळ, चूक काय, बरोबर काय. हजार प्रतींना हजार चिठ्ठ्या. लेखक लाजेनं लाल व्हायचे. आता एका दुपारीत काम होतं आणि कोणाची मान खाली जात नाही.

तुला खुणा आठवत असतील. माझ्या शेजारी बसून तू त्या अक्षरांच्या आधी शिकलीस. खोडलेला मजकूर परत हवा असेल तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे आणि समासात 'आहे तसं ठेवा' असं लिहायचं. दुसरीत असताना बाईंनी तुझ्या निबंधातलं एक वाक्य खोडलं, तर तू त्याच्याखाली ठिपके देऊन वही परत नेऊन दिलीस. मला शाळेत बोलावून घेतलं होतं. तुझे बाबा पोट धरून हसले. "एक तपासनीस घरात होताच, आता दोन झाले" म्हणाले.

तर दुरुस्ती झाली. आता कोणी काही म्हणणार नाही. अल्बम काढायचं कारण उरलेलं नाही.

— आई


१५ फेब्रुवारी

चार वर्षांत पहिल्यांदा तुझा मेसेज आला. तो मी इथे उतरवून ठेवते, म्हणजे तू काय लिहिलंस हे तुझ्याही लक्षात राहील. 'मी आले नव्हते. आता मी आले असं लिहून ठेवलंस. पहिली गोष्ट लोकांनी खरी मानली, दुसरी मी लिहायला लावली असं मानतायत. अल्बम २८ ला काढतेय. आणखी काही दुरुस्त करू नकोस.'

खाली लोकांनी काय लिहिलं ते मी त्यानंतर पाहिलं. 'म्हाताऱ्या आईवर दडपण आणून शेवट बदलायला लावला.' 'आमच्याकडे जुनी प्रत जपून ठेवली आहे.' एकानं दोन्ही पानं शेजारी शेजारी लावून दाखवली आहेत. प्रुफं तपासणाऱ्याला शोभेल इतक्या काळजीनं लावली आहेत.

ही चूक माझ्या धंद्यातली आहे आणि तीच माझ्या हातून झाली. छापून झालेलं पान गुपचूप बदलायचं नाही, हे मी तीन नवशिक्यांना शिकवलं होतं.

दुसरी चूक आधीच्या पत्रात आहे. कळवायच्या वेळी कळवलं असं मी लिहिलं होतं. मी तुला कळवलं ते बाबा गेल्यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं उरकून घरी आल्यावर. ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. मग मी कुणासाठी तसं लिहिलं ते मला सांगता येत नाही. हात सवयीच्या वळणावर गेला.

त्यांचा फोन शेवटचे अकरा दिवस माझ्या पर्समध्ये होता. डॉक्टरांनी त्यांना बोलायला मनाई केली होती. फुप्फुसं इतकी आकसली होती की एका वाक्यात दोनदा थांबावं लागायचं. तीस वर्षं अकॉर्डियनचे भाते सांधले, कातडं, गोंद आणि धूळ छातीत घेतली. आणि तुझ्याशी बोलायला लागले की त्यांना थांबायचं कळायचं नाही. मी फोन काढून घेतला तो त्यांच्या तब्येतीसाठी. कुठल्याही शहाण्या बायकोनं हेच केलं असतं.

ते मागायचे. "तपासनीसबाई, आमची वस्तू जप्त का केलीत?" म्हणायचे.

"डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर सुटीवर आहे. तू तर इथंच आहेस."

"मला विचारू नका."

मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. चौदा किलोचं मोठं अकॉर्डियन उचलायचीही ताकद नव्हती तेव्हा त्यांच्यात. लहान, बत्तीस बटणांचं खाटेखाली ठेवलं होतं. ते वाजवायचे म्हणे. मी असताना कधी नाही.

पत्रं लिहू नकोस असं तू म्हणाली नाहीस, दुरुस्त करू नकोस असं म्हणालीस. तेवढं पाळते.

— आई


१९ फेब्रुवारी

पहिल्या पत्रात 'अल्बम चांगला आहे' असं लिहिलं होतं. मी तो ऐकलेला नव्हता. न वाचता 'छापण्यास हरकत नाही' म्हणून सही करणाऱ्याला आमच्याकडे त्याच दिवशी घरी पाठवत.

तुझ्या पानावर रकमेची चौकट आहे. तिच्यात शून्यही चालतं. अल्बम आला त्या सकाळी सगळ्यात पहिलं शून्य माझं होतं. माझा ईमेलचा पत्ता तुला दिसला असणार. तो तुला दिसावा असंच मला वाटत होतं. तुझ्या बाबांची नऊ वादनं, आणि त्यांच्याबद्दल मला आधी कोणी काही सांगितलेलं नाही. मग त्यांची किंमत मी हीच ठरवते, असं मनात होतं. फाइल घेतली आणि उघडली नाही.

बुधवारी मी सेवागृहात वर्तमानपत्र वाचून दाखवायला जाते. चार वाजता त्या वॉर्डात तुझा अल्बम लावतात. मी साडेचारपर्यंत पोचते तेव्हा तो बंद झालेला असतो. काल लवकर पोचले. आत आले तशी दुपारची बाई स्टुलावरून उठली आणि तिनं घाईनं मशीन बंद केलं. ट्रकचालक म्हणाले, "अहो बाई, अजून एक राहिलंय की." ती स्टूल सरकवत राहिली. माझ्याकडे पाहीना.

मी मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. त्या चादरींच्या घड्या मोजत होत्या.

"मी आले की बंद का करता?"

"तसं काही नाही हो."

"माझ्याशी गुळमुळीत बोलू नका. मी काय केलंय?"

त्यांनी हातातली चादर खाली ठेवली. "तुम्ही नववं ऐकलंत का कधी?"

"नाही."

"बाकीची?"

"नाही."

"बसा मग," म्हणाल्या. कपाटातून कानाला लावायचं यंत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. "बुधवारी आम्ही आठवं झालं की थांबतो, तुम्ही यायच्या आत. पहिल्या बुधवारीच ठरवलं सगळ्यांनी. मी दार लोटून घेते."

धुतलेल्या चादरींच्या वासात बसून मी पहिल्यापासून ऐकलं. उडी मारून नववं ऐकायचं नाही, एवढं तरी स्वतःला बजावलं. सुरांच्या आधी प्रत्येक वेळी भाता उघडतो, त्याचा आवाज येतो. आधी मला तो त्यांचाच श्वास वाटला. मग त्यांचा वेगळा ऐकू आला, भात्याच्या मागे, अर्ध्यावर तुटणारा. भाता मात्र न थांबता श्वास घेत होता. चौथ्यात ते चुकतात आणि हसतात. "पिपाणी, हे तुझ्या आईला सांगू नकोस, खूण करून ठेवेल." माझ्या नावानं इतकं मनापासून हसलेले मी त्यांना त्या वॉर्डात एकदाही पाहिलं नाही.

नववं तू जसं ठेवलं आहेस तसं मला पाठ झालं आहे. ते वाजवतात. मध्येच थांबतात. "पिपाणी, ऐकतेस ना? आता शेवटचं कडवं." मग चपलांचा आवाज. तो माझा आहे. डाव्या चपलेचा पट्टा सुटला होता त्या आठवड्यात.

"कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही. वाजवत होतो."

"फोन द्या इकडे."

"अगं, एक मिनिट. एकच कडवं राहिलंय."

"द्या म्हणते ना."

खाटेची करकर. नंतर एक श्वास, फोनच्या अगदी जवळ. तो त्यांचा नाही. पडद्यावर तुझं नाव होतं. मी ते वाचलं होतं. तू "बाबा?" म्हणतेस. मी बोलत नाही. मग काही नाही.

म्हणजे वर्षभर हे सगळ्यांच्या समोर होतं. ज्यांना खरं हवं होतं त्यांना अल्बम शेवटपर्यंत ऐकायला सांगितलं असतंस तरी पुरलं असतं. लोक तुला श्वास विकणारी म्हणत होते आणि तू एका शब्दानं 'नववं ऐका' म्हणाली नाहीस. ऐकणाऱ्यांना तो आवाज कुणा परिचारिकेचा वाटला असेल. गोष्टीत मी स्वतःसाठी किती मऊ आई लिहिली होती. तिचा आणि या आवाजाचा मेळ बसायचा कसा?

मेट्रनबाईंनी परत येऊन यंत्र कपाटात ठेवलं. मी विचारलं, "दुपारच्या बाईलाही माहीत आहे?"

"तिनंच आम्हाला दाखवलं."

नंतर वॉर्डात वर्तमानपत्र वाचून दाखवलं.

— आई


२४ फेब्रुवारी

काही दुरुस्त करू नकोस असं तू सांगितलं होतंस. ही एक करते आहे. ती गुपचूप नाही. जुनं पान होतं तसं परत बसवलं आहे, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला, पहिल्या गोष्टीच्याही आधी, हे घातलं आहे. तुझ्या अल्बमखालीही माझ्या पूर्ण नावानं लावलं आहे.

'शुद्धिपत्र. पान एक्केचाळीस. "फोन वाजलाच नाही" असं छापलं आहे. फोन वाजत होता. तो आईच्या पर्समध्ये दडवून ठेवला होता. "मुलीनं एकदाही विचारलं नाही" असं छापलं आहे. आईनं फोन काढून घेतला त्याच्या तिसऱ्या दिवशी मुलीनं मेसेज करून विचारलं होतं: बाबा, बरं नाही का, येऊ का? पान बेचाळीस. "बाप वाट पाहत राहिला आणि उत्तर आलं नाही" असं छापलं आहे. उत्तर बापाच्या फोनवरून आईनं पाठवलं: मी बरा आहे, काम टाकून येऊ नकोस. बापाला ते माहीत नव्हतं. ही गोष्ट माझ्या घरची आहे. आई मी आहे. मधल्या काळात शेवट बदलला तोही मीच, मुलीनं सांगितलं नव्हतं.'

झेरॉक्सवालीनं हे टाईप करताना दोनदा मागे वळून पाहिलं. "काकू, असं कोणी लिहितं का? लोक पुस्तक परत करतील."

"करू देत."

"निदान 'गैरसमज झाला' असं तरी घालू या."

"गैरसमज झाला नव्हता."

मावशीचा फोन तासाभरात आला. ती पहिल्यांदाच रडत नव्हती. "खरंय हे?" म्हणाली. मी हो म्हटलं. "मी अख्ख्या जगाला पाठवली ती गोष्ट, ताई. माझ्या तोंडानं तू तिला शिव्या घातल्यास." मग फोन ठेवला. परत केलेला नाही.

छापील शुद्धिपत्रात कारण देत नाहीत. तुला देते, कारण तू विचारलंस तर मला तोंडानं सांगता येणार नाही.

तू बँकेतली नोकरी सोडून आवाज नोंदवायच्या कामाला लागलीस तेव्हा मी जे बोलले ते बोलले. तू गेलीस. मला वाटलं होतं की आता ते माझ्या बाजूला राहतील. ते घरात माझ्याबरोबर राहिले, तुझ्या बाजूला राहिले. वॉर्डात मी सकाळपासून बसायचे. अंग पुसायचे, औषधं द्यायचे. माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे दम नसायचा, 'हो', 'नको', 'पाणी'. चारला मी खाली चहा प्यायला जायचे. फोन घेतला त्या दिवशी सुटे पैसे विसरले म्हणून परत वर आले आणि जिन्यात मला त्यांचं हसणं ऐकू आलं. दम लागेपर्यंत हसत होते. मी जिन्यात थांबून ते ऐकलं. मग आत गेले.

डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती हे खरं आहे. त्याचा आधार मी नंतर घेतला.

त्यांनी अकराव्या दिवशी विचारलं, "ती येते का गं?" तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले होते. मी म्हटलं, "कामात असेल." ते म्हणाले, "असू दे. तिला त्रास देऊ नकोस." दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेआधी गेले. मी खाटेजवळ होते. स्टुलावर. दुपारची बाई तेव्हा नव्हती, आणि तिची गरज कुणाला पडेल हे तुला कसं सुचलं ते मला आता कळतं.

क्षमा मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. मागायला मी तुझ्यासमोर उभी असायला हवी, आणि तू बोलावलेलं नाहीस.

— आई


१ मार्च

काल अठ्ठावीस होती. सकाळी पाहिलं, अल्बम होता. दुपारी पाहिलं, होता. चारला मी तो घरी लावला, पहिल्यापासून.

नववं बदललं आहेस.

तीन मिनिटांवर संपतं ते. आधी बावन्न सेकंद जास्त होतं. "पिपाणी, ऐकतेस ना? आता शेवटचं कडवं," इथवर ते आहेत, आणि मग नुसती शांतता, हळूहळू विरत जाणारी. चपला नाहीत. करकर नाही. मी नाही. फार सफाईनं कापलं आहेस. माहीत नसलेल्याला वाटेल की ते वाजवता वाजवता आपणहून थांबले.

आधी मला वाटलं, तू मला त्यांच्याजवळून काढून टाकलंस आणि ते योग्यच केलंस. मग तारीख पाहिली. नवी फाइल तेवीसची आहे. मी शुद्धिपत्र लावलं त्याच्या आदल्या दिवसाची. माझं एकोणीसचं पत्र तुला मिळालं, मी चादरींच्या खोलीत बसून ऐकलं हे तू वाचलंस, आणि मला पुन्हा ऐकावं लागू नये, दुपारच्या बाईला माझ्यासमोर धावपळ करावी लागू नये, म्हणून तू ते कापलंस. तुला शिव्या पडत होत्या तेव्हाही.

हे तू बाबांकडून घेतलंस. माझ्याकडून घेतलं असतंस तर उत्तर पाठवलं असतंस, चुकांच्या यादीसकट.

अल्बम राहिला, त्याबद्दल सेवागृहाच्या वतीनं आभार मानते. तीन नंबरचे ट्रकचालक शुक्रवारी गेले. चार वाजून गेले होते. बाई स्टुलावर होती. घाट अर्ध्यावरच राहिला म्हणाली, पण त्यांनी तिचा हात धरला होता. माझ्या पुस्तकाच्या बहुतेक प्रती परत आल्या. मावशी आलेली नाही. वॉर्डात मात्र बुधवारी जाते. वाचून दाखवते. कोणी नको म्हटलेलं नाही, आणि पूर्वीसारखं हसूनही कोणी बोलत नाही.

काल अल्बम पुन्हा घेतला. चौकटीत काय घातलं ते तुला दिसलं असेल. शून्य नाही एवढंच इथे लिहिते.

आता एक शेवटचं सांगणं आहे, आणि ते आईचं म्हणून घेऊ नकोस. एकतीस वर्षं हेच काम केलेल्या बाईचं म्हणून घे. तू जे कापलंस ते चूक म्हणून कापण्यासारखं नव्हतं. त्यांनी "एकच कडवं राहिलंय" असं म्हटलं होतं. ते वाक्यही माझ्याबरोबर गेलं. ते आपणहून थांबले नव्हते. मी शुद्धिपत्रात खरं लिहायचं आणि तू आवाजात ते झाकायचं, हे चालणार नाही. आपण दोघी एकाच चुकीवर दोन बाजूंनी काम करतो आहोत.

मूळ फाइल तुझ्याकडे असेलच. तू काही टाकत नाहीस. त्या बावन्न सेकंदांखाली मी ठिपके देते आहे, चपलांपासून माझ्या श्वासापर्यंत, आणि तुझ्या "बाबा?" पर्यंत.

आहे तसं ठेव.

— आई